शेल स्क्रिप्ट ‘एसएचसी’ने झाकताना

‘एसएचसी’ हे शेल स्क्रिप्ट (आज्ञांची फाईल) कूटबद्ध करून तिची बायनरी, म्हणजे थेट चालणारी फाईल, बनवणारं साधन. ‘एसएचसी -आर -ई ३१/१२/२०२७ -एफ बॅकअप.एसएच’ अशी आज्ञा दिली (‘-ई’पुढे मुदतीची तारीख) की दोन फायली मिळतात. ‘.एक्स’ चालवायची, ‘.एक्स.सी’ हा सी भाषेतला सोर्स (मूळ कोड), तो गिऱ्हाइकाला अजिबात देऊ नका. ‘-आर’ राहिलं तर बायनरी त्याच मशीनच्या शेलला (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, उदा. बॅश) बांधली जाते आणि बॅश अपडेट झाल्यावर तिथेही बंद पडते.

मजकूर कूटबद्ध असला तरी तो उलगडायची किल्ली बायनरीतच असते. चालताना उलगडलेली स्क्रिप्ट शेलकडे जाते, रूट (मशीनचे सर्वाधिकार) असलेला माणूस ती मेमरीतून उचलतो. म्हणून पासवर्ड आत नकोतच! मुदतही मशीनच्या घड्याळावर, तारीख मागे नेली की निष्प्रभ.

खरा आधार लेखी परवान्याचा: किती सर्व्हर, बदलाची मुभा, पुढे देण्यास मनाई. मात्र आत जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याचा कोड मिसळला असेल तर वाटताना सोर्स द्यावाच लागतो.