रात्री बारापर्यंत पंचेचाळीस

मुंबईत शिरायला टोलचे पाच नाके. दहिसर, ऐरोली, वाशी आणि मुलुंडचे दोन: एक एलबीएस मार्गावरचा, दुसरा पूर्व द्रुतगती महामार्गावर आनंदनगरचा. या आनंदनगरला मी शिफ्ट इनचार्ज होतो. 14 ऑक्टोबर 2024, सोमवार. माझी दुसरी पाळी, दुपारी तीनची. घरून निघायच्या आधीच फोन सुरू झाले. मेव्हण्याचा, सोसायटीच्या सेक्रेटरीचा, शाळेतल्या एका मित्राचा, जो एरवी गणपतीलाही फोन करत नाही. प्रश्न एकच, "खरंय का?"

खरं होतं. मंत्रिमंडळाच्या बैठकीत निर्णय झाला होता: पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ. टीव्हीवर पट्टी फिरत होती. त्या पट्टीत 'आज रात्री 12 पासून' असंही होतं, पण तेवढं कोण वाचतंय! लोकांनी 'टोलमाफी' वाचलं आणि गाड्या काढल्या.

म्हणजे तीन ते बारा, नऊ तास मला असा टोल गोळा करायचा होता जो लोकांच्या मते रद्द झाला होता.

पहिलं भांडण मी हजेरी लावायच्या आत पेटलेलं. कॅशच्या लेनवर एक पांढरी इनोव्हा आडवी. बूथमध्ये जळगावकडची एक पोरगी होती, नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. गाडीतले गृहस्थ साठीच्या पुढचे, स्वतःच चालवत होते. काच पूर्ण खाली करून मोबाइल तिच्या तोंडासमोर धरलेला.

"हे वाच. वाचता येतं ना? मुख्यमंत्री बोलतायत."

"सर, रात्री बारापासून आहे."

"माफ म्हणजे माफ. बाराचं काय कौतुक?"

मी जवळ गेलो. "काका, आदेश रात्री बाराचा आहे. तोपर्यंत आमच्या मशीनमधून पावती फाटल्याशिवाय आडवा दांडा उठत नाही. गाडी अशीच सोडली तर हिच्या कलेक्शनला शॉर्ट येतो, आणि शॉर्ट हिच्या पगारातून कापला जातो."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग पाकिटातून पन्नासची नोट काढली आणि म्हणाले, "वीस-बावीस वर्षं भरतोय. कोपरीत राहतो, दुकान मुलुंडला. घरातून दुकानात जायचे पैसे देणारा माणूस जगात दुसरीकडे कुठे सापडेल मला?"

त्यांचं चुकीचं नव्हतं. ठाणेकरांचा राग हाच होता. पुण्याला जाताना माणूस एक्स्प्रेसवेचा टोल मुकाट भरतो, कारण तो प्रवासाला निघालेला असतो. आनंदनगरला मात्र लोक प्रवासाला निघालेले नसतात. मुलाला क्लासला सोडायला, आईला दवाखान्यात न्यायला, तीन किलोमीटरवर भाजी आणायला निघालेले असतात. त्यात नाका अगदी तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या कोपरी-पाचपाखाडी मतदारसंघाला खेटून. हा निर्णय का झाला हे विचारायला नाक्यावर कुणाला राजकारणाची पदवी लागत नव्हती. दुसऱ्याच दिवशी विधानसभेच्या निवडणुकीची घोषणा झाली आणि आचारसंहिता लागली.

काकांना पाच रुपये परत द्यायला पोरीकडे नाणं नव्हतं. हा पाच रुपयांचा घोळ वर्षभर आमच्या डोक्याला ताप होता. 1 ऑक्टोबर 2023 ला गाडीचे 40 चे 45 झाले तेव्हापासून. चाळीसला लोक पन्नास देत, दहाची नोट परत. पंचेचाळीसला पाचचं नाणं लागतं, आणि पाचची नाणी पाळी सुरू होऊन दोन तासांत संपतात. मग चॉकलेट. चॉकलेटवरून जेवढी भांडणं मी सोडवली असतील तेवढी टोलवरून नसतील. त्या दरवाढीच्या विरोधात ठाण्यात मनसेने उपोषण केलं होतं. त्यानंतर नाक्यांवर कॅमेरे लागले, दिवसाला खरोखर किती गाड्या जातात ते मोजायला. आणि रस्त्यावर पिवळी रेघ आली: रांग रेघेच्या मागे गेली की पुढच्या गाड्या टोल न घेता सोडायच्या. या रेघेने त्या रात्री जो तमाशा केला तो पुढे सांगतो.

संध्याकाळी सहानंतर वाद घालणारे वेगळे आले, ऑफिसातून सुटलेले, अभ्यास करून आलेले. एक तरुण मुलगा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, म्हणाला, "कोस्टल रोडला टोल नाही, ईस्टर्न फ्रीवेला नाही, मग आम्हीच काय पाप केलंय?" मागून हॉर्न वाजत होते म्हणून उत्तर दिलं नाही, पण प्रश्न चांगला होता. नाक्यावर काम करणाऱ्याला हे ठाऊक असतं, कारण हाच प्रश्न रोज कुणीतरी विचारतं.

ईस्टर्न फ्रीवे एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, बांधला, 2013 ला सुरू झाला, त्यात केंद्राच्या नेहरू पुनरुत्थान योजनेचा पैसा होता. म्हणून टोल नाही. कोस्टल रोड महापालिकेने आपल्या तिजोरीतून केला, 13 हजार कोटींहून जास्त घालून. म्हणून तिथेही नाही. अटल सेतूला जपानचं कर्ज आहे, 21.8 किलोमीटरचा पूल, 17,840 कोटींचा खर्च, म्हणून गाडीला एका वेळचे 250. रस्ता कुठलाच फुकट नसतो. पैसे कुठल्या खिशातून जातात एवढाच फरक, आणि मागच्या खिशातून गेले की कळत नाही.

आमच्या पाच नाक्यांची कथा जरा जुनी. शिवसेना-भाजप युती सरकारच्या काळात नितीन गडकरी बांधकाममंत्री होते, मुंबईत 55 उड्डाणपूल बांधायचं ठरलं. सरकारकडे एवढे पैसे नव्हते. म्हणून 1996 मध्ये रस्ते विकास महामंडळ काढलं, बाजारात रोखे विकून पैसा उभा केला, आणि तो फेडायला शहराच्या वेशीवर टोल बसवला. म्हणजे पूल सायन-अंधेरी-गोरेगावला, वसुली मुलुंड-दहिसरला. ज्याने कधी वेस ओलांडली नाही तो दादरचा माणूस रोज पुलावरून फुकट गेला, आणि कोपरीच्या काकांनी त्याचे हप्ते भरले. हे मला पहिल्यापासून पटलेलं नाही. टोलची नोकरी करत होतो म्हणून टोलची बाजू घ्यायची असं थोडंच आहे.

आणि 2010 मध्ये पुढचं झालं. 16 वर्षांची वसुली सरकारने ठेकेदाराला विकून टाकली, 2100 कोटी एकरकमी घेऊन. त्या दिवसापासून 'पुलांचे पैसे फिटले का?' हा प्रश्नच निरर्थक झाला. लोक मात्र तोच विचारत राहिले. सरकारने 2026 पर्यंतचे पैसे आधीच घेतलेले. आता गाड्यांना माफी दिली तर उरलेल्या महिन्यांची भरपाई ठेकेदाराला सरकार देणार. सरकार म्हणजे आपणच. बिगारी कामगार साबण घेताना जो कर भरतो, त्यातूनही. हे त्या ओळखपत्रवाल्या मुलाला सांगितलं असतं तर त्याने मला ठेकेदाराचा माणूस म्हटलं असतं, आणि तो मी होतोच.

खरी मजा साडेअकराला सुरू झाली. ठाण्याकडून येणाऱ्या गाड्या अचानक कमी झाल्या. मला वाटलं पुढे कुठे अपघात झाला. वॉकीटॉकीवर विचारलं तर मागच्या पोराचं उत्तर, "सर, गाड्या साइडला लावून उभ्यात."

बाहेर जाऊन पाहिलं. नाक्याच्या अलीकडे, डावीकडे, पार्किंगचे पिवळे दिवे लुकलुकत गाड्यांची ओळ. सगळे एसी लावून बसलेले. बाराची वाट बघत! 45 रुपये वाचवायला अर्धा तास इंजिन चालू. एका स्विफ्टमध्ये नवरा-बायको आणि दोन मुलं, मुलं झोपलेली. बाई खाली उतरून सायकलवरच्या चहावाल्याकडून चहा घेत होत्या, दोन चहा आणि क्रीमरोल. मी सहज विचारलं, किती झाले? "साठ," म्हणाल्या, आणि त्यांनाच हसू फुटलं. "अहो, पैशाचं नाही हो. आज द्यायचाच नाही असं ठरवलंय यांनी."

ट्रॅफिकचे हवालदार शिट्ट्या मारून थकले. "द्रुतगती महामार्ग आहे, लग्नाचा हॉल नाही," असं ओरडत ते एकेका काचेवर टकटक करत होते. एक गाडी हलली की तिच्या जागी दुसरी लागायची. कडेला जागा संपली तशा गाड्या लेनमध्ये उभ्या राहायला लागल्या, आणि ओळ पिवळ्या रेघेच्या मागे गेली. झालं! मागचे ओरडायला लागले: रेघ ओलांडलीय, नियमाने सोडा. मी म्हणालो, ही रांग नाही, हे थांबलेले आहेत. "मग पुढे काय फुगड्या घालतायत?" आता बघा, स्वतःहून थांबलेली गाडी रांगेत धरायची की नाही, हे कुठल्याच परिपत्रकात नव्हतं. मी हवालदारांकडे पाहिलं, हवालदारांनी आकाशाकडे.

बाराला दहा कमी असताना मी मधल्या दोन लेनचे दांडे वर करायला सांगितले. ती जबाबदारी माझी. मागे अडकलेल्यात एक रुग्णवाहिका होती, तिला वाट हवी होती. गंमत म्हणजे दांडा वर दिसत असूनही पुढच्या काही गाड्या हलेनात. त्यांना वाटलं, आत टॅग वाचला जाईल आणि पैसे कापले जातील.

त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. फास्टॅग गाडीच्या काचेवर, वाचणारा अँटेना आमच्या छतावर, पण दर बसतो सर्व्हरमध्ये. दर शून्य करायचा तर तो प्रत्येक लेनच्या संगणकात उतरावा लागतो. सिस्टिमचा माणूस संध्याकाळपासून कंट्रोल रूममध्ये बसला होता. बाराच्या ठोक्याला त्याने नवा दरतक्ता सोडला. बाकी लेन बदलल्या, एक अडली. त्या लेनमधून गेलेल्या काही गाड्यांचे बारानंतरही 45 कापले गेले. पहिला मेसेज आला तो एका डॉक्टर बाईंना. त्या पुढे जाऊन थांबल्या आणि चालत परत आल्या, रात्रीच्या बारा वाजून गेल्यावर, हायवेवर. मोबाइल माझ्या हातात दिला. वेळ 12:04. मी ती लेन बंद केली, वहीत गाडीचा नंबर आणि वेळ लिहून घेतली. त्या म्हणाल्या, "पैसे नकोत, पण हे असंच चालू राहिलं तर उद्या पेपरात येईल." त्यांचं बरोबर होतं. लेन सुरू व्हायला पाऊण तास गेला.

तोवर बाहेर जत्रा भरली होती. दोन-तीन पक्षांचे कार्यकर्ते, प्रत्येकाचे वेगळे ढोल, वेगळे पेढे. आंदोलन आपणच केलं असं प्रत्येकाचं म्हणणं. आमच्या पोरीला तिन्ही पक्षांनी पेढा भरवला. एकाने तिला विचारलं, "ताई, खूश ना?" ती काही बोलली नाही. तिच्या बूथवरून जाणाऱ्या वाहनांत निम्म्याहून जास्त या छोट्या गाड्याच असायच्या, आणि गाड्या फुकट झाल्यावर एवढे बूथ कशाला लागणार, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

गर्दी ओसरल्यावर ट्रकांच्या वेळेला सुरुवात झाली. अवजड वाहनांना माफी नव्हती. ट्रकला 150, जास्त आसांच्या गाडीला 190, जसेच्या तसे. पहिला वाद छोटा हत्तीवाल्याचा, टपात फुलांच्या पाट्या, दादरच्या बाजाराला निघालेला. "मी हलका की जड?" फास्टॅगच्या हिशेबात छोटा हत्ती गाड्यांच्याच वर्गात, वर्ग 4 मध्ये बसतो. सोडला. त्याच्या मागे नाशिकचा कांद्याचा ट्रक. ड्रायव्हर निफाडकडचा, पन्नाशीचा, पावती घेताना शांतपणे म्हणाला, "एसीवाल्यांना माफी आणि आम्हाला नाही, बरंय." मी म्हणालो, तुमचे पैसे कांद्यात जातात, मामा. "कांद्यात जातात ते खाणाऱ्याचे," तो म्हणाला. "माझे डिझेलमध्ये जातात, ते मालकाचे. माझं स्वतःचं काय जात असेल तर झोप." आणि गिअर टाकून गेला.

सकाळी सातला माझी सुटका व्हायची होती, डबल ड्यूटी झाली होती. पण साडेसहालाच ऑफिसच्या खिडकीपाशी लोक जमले. मासिक पासवाले! ज्यांनी 1 तारखेला ऑक्टोबरचा पास काढला होता. अर्धा महिना शिल्लक, त्याचे पैसे परत हवेत. आदेशात पासाचा उल्लेख नव्हता. वर फोन केला, वरून सांगितलं, अर्ज घेऊन ठेवा. छापील फॉर्म नव्हता, म्हणून मी जुन्या शिफ्ट रिपोर्टच्या पाठकोऱ्या कागदांवर रकाने आखले: नाव, गाडी नंबर, पास नंबर, रक्कम. रांगेत तिसरे होते ते इनोव्हावाले काका. महिन्याचा पास होता त्यांच्याकडे, दुसऱ्या गाडीचा. काल कॅश का भरली विचारलं तर म्हणाले, "ही मुलाची गाडी. पास माझ्या वॅगनआरचा." अर्ज लिहून झाल्यावर त्यांनी खिडकीतून हात आत घालून विचारलं, "आणि कालचे पाच रुपये?"

पोरीने गल्ल्यातून नाणं काढून दिलं.