चूकभूल

वडिलांच्या जुन्या कागदांत वाणसामानाचे एक बिल सापडले. तूरडाळ, गूळ, पोहे अशा ओळींच्या तळाशी ‘चू. भू. द्या. घ्या.’ असे छापलेले होते. हिशेबात काही कमीजास्त झाले असेल तर ते एकमेकांना देऊन घेऊन मिटवावे, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ; पण चूक ही देण्याघेण्याची गोष्ट आहे, तिचा लगेच कोणी गुन्हा करू नये, ही त्यामागची समजूत मला फार आवडली.

‘चुकणे’ या क्रियापदाला मुळात पापाचा वास नाहीच. वाट चुकते, नेम चुकतो, जत्रेत माणसांची चुकामूक होते. जिथे पोचायचे तिथे पोचता आले नाही, इतकेच. ‘चुकवणे’ म्हटले की मात्र त्यात हेतू शिरतो आणि माणूस नजर चुकवतो, कर चुकवतो. गंमत अशी की हिंदीत ‘कर चुकाना’ म्हणजे कर भरणे, आणि आपल्याकडेही वाण्याची उधारी ‘चुकती’ केली की ती फिटते.

‘गुन्हा’ फारसीतून आला. तिकडे तो पापाच्या अर्थाचा. इकडे येऊन तो पोलीस ठाण्यात ‘दाखल’ होऊ लागला. ‘रास्त’ही तिकडचाच, आणि ‘बरोबर’ही. शिवकाळात राजव्यवहारकोश रचून कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तरी योग्यायोग्य ठरवताना आपली जीभ आजही याच शब्दांकडे वळते.

‘वावगे’ हा शब्द तर आता बहुधा नकारापुरताच उरला आहे. ‘असे म्हणणे वावगे ठरणार नाही’ असे आपण लिहितो. अमुक गोष्ट वावगी आहे, असे सरळ म्हणणारा क्वचितच भेटतो. ‘त्यात गैर काय?’ असे विचारणाऱ्यालाही आतून थोडी शंका असतेच, नाहीतर त्याने विचारले कशाला असते?

कबुलीतही अशाच पायऱ्या आहेत. ‘मी चुकलो’ या वाक्यात कर्ता समोर उभा असतो, ‘माझ्याकडून चूक झाली’ म्हटले की तो दाराआड सरकतो, आणि नुसते ‘चूक झाली’ म्हटले की चूक पावसासारखी आपोआप पडून गेलेली असते. घरात मी बहुधा मधले वाक्य वापरतो.

त्या बिलावर वडिलांनी पेन्सिलीने बेरीज पडताळलेली दिसते. दुकानदाराने २ रुपये कमी लावले होते. आकड्याशेजारी बारीक अक्षरात लिहिले आहे: ‘दिले.’