तुम्ही विचारलेत म्हणून: गालिच्यांच्या कामाला फरशीची जोड

गालिचे धुण्याच्या व्यवसायात असलेले अनेक जण मला विचारतात की, फरशीची सफाई आणि सीलिंग (डाग लगेच मुरू नयेत म्हणून फरशीत मुरणारे द्रव्य, म्हणजे सीलर, लावणे) ही कामेही सोबत घ्यावीत का. माझे उत्तर ‘जरूर घ्यावीत’ असेच असते. मात्र यंत्र खरेदी करण्याआधी दगड ओळखायला शिकावे, ही अट मी त्याला जोडते.

कामे शोधत फिरावे लागत नाही, हे खरे आहे. ज्या घरी आपण गालिचा धुवायला जातो, तिथे गालिच्याची कड संपते तिथून फरशी सुरू होते, आणि ‘हेही करून द्याल का’ असे गिऱ्हाईक स्वतःच विचारते. पाणी मारून लगेच ओढून घेणारे यंत्रही आपल्याकडे असते. फक्त गालिच्यासाठीच्या लहान यंत्राचा दाब बहुधा 500 पीएसआयच्या (हे दाब मोजण्याचे एकक) आत असतो, तर टाइलच्या सांध्यांत मुरलेला मळ काढायला साधारण 800 ते 1200 पीएसआय लागतो, एवढे पाहून घ्यावे.

खरी अडचण आपल्या हाताच्या सवयीची आहे. गालिचा धुतल्यावर त्यात राहिलेला क्षार (अल्कली) मारण्यासाठी आपण शेवटी सौम्य आम्लाचे पाणी फिरवतो. संगमरवर म्हणजे मुळात कॅल्शियम कार्बोनेट, आणि आम्लाचा थेंब त्यावर पडला की बारीक बुडबुडे येतात आणि पुसल्यानंतर झिलई उडालेला निस्तेज ठिपका उरतो. तो ठिपका मळाचा नसतो. तेवढा दगडच झिजलेला असतो, त्यामुळे तो कोणत्याही क्लीनरने जात नाही, पुन्हा पॉलिशच करावे लागते. म्हणून गालिच्याची रसायने आणि फरशीची रसायने मी वेगळ्या पेट्यांत ठेवते आणि कोपऱ्यात, कपाटामागे वगैरे, चाचणी घेतल्याशिवाय कामाला हात लावत नाही.

सीलर लावावा की नाही, हे पाणीच सांगते. फरशीवर चार थेंब टाकून दहा मिनिटे थांबावे. थेंबाखालचा दगड गडद झाला, तर तो पाणी पितो आहे असे समजावे. व्हिट्रिफाइड टाइलचे पाणी शोषण्याचे प्रमाण 0.5 टक्क्यांच्या आतच असते, तिला सीलरची गरज नसते. तिच्यामधल्या सिमेंटच्या सांध्यांना असते. अशा टाइलच्या सबंध क्षेत्रफळावर सीलिंगचे पैसे लावणे मला सरळ फसवणूक वाटते.

वाळण्याची वाट पाहणे मी चूक करूनच शिकले. सुरुवातीच्या एका कामात सकाळी धुतलेला दगड हाताला कोरडा लागला, म्हणून मी संध्याकाळीच सीलर लावून मोकळी झाले. काही दिवसांत सांध्यांच्या कडेने दुधी धुरकटपणा आला, कारण वरून सुकलेल्या दगडाच्या पोटात पाणी तसेच होते. सारा सीलर काढून ते काम मी स्वखर्चाने पुन्हा केले. आता प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवते, आणि सकाळी त्याखाली दव किंवा गडदपणा दिसला तर काम पुढे ढकलते. गिऱ्हाइकाला दोन फेऱ्यांचे काम आहे, हे आधीच सांगितले की कुरकुर होत नाही. लावतानाही थोडे-थोडे क्षेत्र घ्यावे, कारण दगडाने न प्यालेला सीलर डब्यावर दिलेल्या वेळेत पुसला नाही तर वर चिकट थर बसतो.

सर्वांत जपून बोलावे ते आश्वासनाबाबत. दगडात मुरणारा सीलर फरशीला अभेद्य करत नाही; सांडलेले तेल किंवा चहा मुरण्याआधी पुसायला तो अवधी देतो, आणि आम्लाने होणारी झीज तर तो थांबवतच नाही. हे मी काम सुरू होण्याआधी लिहून देते. पुन्हा कधी लावायचा, याची तारीखही मी देत नाही. काम संपल्यावर गिऱ्हाइकाला त्याच चार थेंबांची चाचणी करून दाखवते आणि सांगते की, या थेंबांखाली दगड गडद व्हायला लागला की मला बोलवा.