आंबोलीचं बाशिंग

आंबोलीत तीन दिवस होतो. धबधबा, कावळेसाद, हिरण्यकेशी सगळं पाहिलं. धबधब्याखाली इतकी गर्दी की पाण्याचा आवाजही ऐकू येईना. त्याबद्दल एवढंच. मनात राहिला तो आम्ही उतरलो होतो त्या घरामागचा आंबा.

त्याच्या बेचक्यात नेच्याचं, म्हणजे फर्नचं, भलंमोठं बेट होतं. वर खोल कातरलेली, हातभर लांब हिरवी पानं आणि बुडाशी तपकिरी, कागदासारखी कडक, फांदीला चिकटून उभी असलेली बिनदेठाची पानं. ही सुकलेली काढली तर किती छान दिसेल, म्हणून मी हात घातला, तोच घरच्या काकी मागून ओरडल्या, "हात लाव नको गो! ह्यां बाशिंग. सुकलेलां नाय, तां तसांच असतां."

माझा हात तिथेच थांबला. दोन वर्षांपूर्वी मी हाच नेचा घरी मारला होता. कुंडीत माती दाबून त्याचं जाड, केसाळ खोड पुरलं होतं, तपकिरी पानं कात्रीने नीट छाटली होती आणि रोज पाणी घातलं होतं. महिन्याभरात खोड कुजलं. हा नेचा वरून पडणारा पालापाचोळा त्या तपकिरी पानांच्या खोबणीत साठवतो, तिथेच पाला कुजतो, ओल धरतो आणि मुळं त्यात शिरून जेवतात. मी त्याचं ताटच कापून टाकलं होतं. आजही वाईट वाटतं.

शास्त्रीय नाव ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया; क्वेर्सिफोलिया म्हणजे ओक झाडासारख्या पानांचा. १७५३ मध्ये वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसला ती तपकिरी पानं पाहून ओक आठवला. आपल्याकडे नवरदेवाच्या कपाळावरचं बाशिंग आठवलं. मला आपलं नाव जास्त आवडतं. ओळख पटवायला मी एक हिरवं पान उलटून पाहिलं: शेजारशेजारच्या दोन शिरांमध्ये बीजाणूंच्या बारीक गोल ठिपक्यांच्या दोन ओळी. हा रोग नव्हे, हे सांगावंसं वाटतं, कारण ठिपके बघून औषध फवारणारे मी पाहिलेत. कोरड्या दिवसांत हिरवी पानं गळतात, नुसते दांडे उभे राहतात; तेव्हाही झाड जिवंत असतं.

परतताना रस्त्यात दोघंजण अख्खं बेट झाडावरून ओरबाडून पिशवीत कोंबत होते. मी बोलले, त्यांनी ऐकलं नाही. चीड अजून गेलेली नाही.

मला काकींनी पावसात मोडून पडलेल्या फांदीवरचा खोडाचा तुकडा दिला, टोकाला लव असलेला. या वेळी माती नाही. खरखरीत लाकडावर काथ्याने बांधला, खोड उघडं ठेवलं, सकाळचं कोवळं ऊन दिलं आणि काथ्या वाळत आल्यावरच पाणी. दीड महिना काहीच हाललं नाही. मग एक लहानसं पान आलं, बिनदेठाचं, हिरवं. आता ते कडेने तपकिरी होतंय. परवा त्यात वरच्या झाडाचं एक वाळकं पान अडकलं होतं. तसंच राहू दिलंय.