मोटारीची वही आणि अपघाताचा दावा

फेब्रुवारी २०२३ च्या अखेरीस, ज्वारीच्या काढण्या चालू असताना, माझा धाकटा चुलत भाऊ केजहून अंबाजोगाईकडे मोटारसायकलीवर निघाला होता. समोरून येणाऱ्या कडब्याच्या टेम्पोने वळणावर आपली बाजू सोडली आणि त्याला गाडीसह खाली पाडले. उजव्या कोपराचा चुरा झाला, दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि सात महिने त्याचे दुकान बंद राहिले. विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत पुन्हा तार भरून देणे हा त्याचा धंदा. ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो की पाणबुडी मोटारीच्या पोटातील अरुंद खाचांतून तांब्याची तार बोटांच्या अंदाजाने ओढून घ्यावी लागते. तेथे डोळ्यांचा उपयोग थोडा आणि बोटांच्या टोकांचा फार असतो. हाड जुळले, प्लेट बसली, डॉक्टरांनी हात चांगला झाल्याचे सांगितले. त्यानंतर दुकानात बसून त्याने पहिली मोटार उघडली आणि संध्याकाळी मला म्हणाला, "दादा, हात हाय, पर बोटाला तारच कळंना गेलीय." करंगळी आणि अनामिकेकडे जाणारी नस दबली होती.

त्याच्या दाव्याची कागदपत्रे सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले. मी शिक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस, वकील नव्हे. परंतु दोन वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. अपघाताची भरपाई जखमेच्या आकारावरून ठरते, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. कायदा विचारतो ते वेगळेच: हा माणूस काल काय करून पोट भरत होता आणि आज त्यातले त्याला काय करता येत नाही? या प्रश्नाचे उत्तर पुराव्यानिशी द्यायचे असते आणि तो पुरावा बहुतेक वेळा अपघाताच्या पहिल्या पंधरवड्यातच मिळतो किंवा हरवतो.

पहिला धोका दवाखान्याच्या दारातच उभा असतो. टेम्पोचा मालक दुसऱ्या दिवशी फळे घेऊन आला, वीस हजार रुपये उशाशी ठेवू लागला आणि "गुन्हा कशाला नोंदवता, दवाखान्याचे आम्ही बघतो" असे अगदी गोड बोलू लागला. आमच्याकडे अशा वेळी गावातील चार माणसेही मिटवून घेण्याचा सल्ला देतात. आम्ही पैसे घेतले नाहीत, कारण वाहनाचा विमा असेल तर भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येते आणि त्यासाठी वाहन कोणते, चालक कोण आणि चूक कोणाची हे पोलिसांच्या कागदांवर आलेले असावे लागते. गुन्ह्याची फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, दवाखान्यातील एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या जखमेची) नोंद, वाहनाचे आरसी बुक, पॉलिसी आणि चालकाचे लायसन्स हा या दाव्याचा पाया आहे. एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो पाठवला गेला आहे काय, याची ठाण्यात जाऊन विचारणा करण्यात संकोच मानू नये.

मुदतीचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ नुसार अर्ज करण्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा आली आहे. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे. तरीही त्या भरवशावर घरी बसण्याचे कारण नाही. आम्ही जुलैमध्ये अंबाजोगाईच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज केला. अर्जदार जेथे राहतो, जेथे अपघात घडला किंवा जेथे जाबदेणार, म्हणजे ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो, राहतो, यांपैकी कोठेही अर्ज करता येतो. पुण्याकडे किंवा मुंबईकडे अपघात झाला म्हणून तिकडेच तारखांना जावे लागेल, या भीतीने दावाच सोडून दिलेली माणसे मी पाहिली आहेत. तसे करण्याची काहीच गरज नसते.

आता मूळ हिशेबाकडे येतो, कारण सर्वांत जास्त गैरसमज तेथेच आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा निकालात वयाप्रमाणे गुणक, म्हणजे वर्षाच्या बुडालेल्या कमाईला गुणायचे आकडे, ठरवून दिले आहेत. पंधरा ते पंचवीस या वयासाठी १८, छत्तीस ते चाळीससाठी १५, सेहेचाळीस ते पन्नाससाठी १३ अशी ती उतरती भाजणी आहे आणि पासष्टीनंतर ५ उरतात. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने त्यात भविष्यातील उत्पन्नवाढीची भर घातली. स्वतःचा व्यवसाय करणारा माणूस चाळिशीच्या आतला असेल तर उत्पन्नात ४० टक्के मिळवायचे, चाळीस ते पन्नासमध्ये २५ टक्के आणि पन्नास ते साठमध्ये १० टक्के. कायम नोकरीत असलेल्यांसाठी हेच आकडे ५०, ३० आणि १५ असे आहेत. मृत्यूच्या दाव्यात मृत व्यक्तीच्या स्वतःच्या खर्चापोटी तिसरा किंवा चौथा हिस्सा वजा होतो आणि मृत व्यक्ती अविवाहित असेल तर साधारणपणे निम्मा. जखमीच्या दाव्यात ही वजावट नसते, कारण माणूस जिवंत आहे आणि त्याला जेवायचेही आहे.

जखमीच्या दाव्यात कळीचा आकडा अपंगत्वाच्या टक्केवारीचा असतो, आणि खरी ओढाताण तेथेच होते. भावाला मिळालेल्या प्रमाणपत्रावर उजव्या हाताचे ३८ टक्के कायम अपंगत्व लिहिलेले होते. विमा कंपनीच्या वकिलांचे म्हणणे असे की हे एका अवयवाचे अपंगत्व आहे, संपूर्ण शरीराच्या मानाने ते १३ टक्क्यांच्या पुढे जात नाही, म्हणून कमाईचे नुकसानही तेवढेच धरावे. त्यांच्या म्हणण्याचा पहिला अर्धा भाग बरोबर होता. परंतु राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की अवयवाची टक्केवारी, शरीराची टक्केवारी आणि कमाईची टक्केवारी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गमावलेला सरकारी कारकून कदाचित त्याच टेबलावर बसून तोच पगार घेत राहील, तर तोच हात गमावलेल्या सुताराचा किंवा चालकाचा धंदाच बुडेल. म्हणून प्रमाणपत्र नुसते जोडून भागत नाही. ज्या डॉक्टरांनी ते दिले त्यांची साक्ष घ्यावी लागते, आणि अर्जदाराने आपण नेमके कोणते काम करत होतो, त्यातील कोणती हालचाल आता होत नाही, हे सांगावे लागते. आमच्या वकिलांनी भावाला मोटारीचा एक रिकामा स्टेटर, म्हणजे तार भरायच्या खाचांचा भाग, न्यायालयात आणायला सांगितला होता. त्याने खाचेत तार घालून दाखवली. डाव्या हाताने ती धरली गेली आणि उजव्या हातातून निसटली. या प्रात्यक्षिकाला कोणी हरकत घेतली नाही.

त्यापुढचा प्रश्न उत्पन्नाचा होता. आयकर विवरणपत्र भरलेले नाही, पगाराची पावती नाही, दुकानाच्या दारावर पाटीसुद्धा नाही. आपल्या भागातील बहुसंख्य कमावत्या माणसांची हीच स्थिती असते आणि मग न्यायाधिकरणाला अंदाजाने काल्पनिक उत्पन्न धरावे लागते, जे बहुधा खऱ्याहून कमीच भरते. भावाकडे मात्र एक वही होती. काळपट तेलाचे डाग पडलेली, कोपरे दुमडलेली, दोऱ्याने बांधलेली. 'साडेसात एचपी, पाणबुडी, ४,२००, पैकी जमा २,०००' अशा नोंदी, बाजूला गिऱ्हाइकाच्या गावाचे नाव आणि खाली पेन्सिलीने तारेचे गेज (जाडी) व टर्न (वेढे). उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलांनी ही वही दाव्यासाठी नंतर तयार केल्याचे सुचवले. भाऊ गोंधळून गप्प बसला. न्यायाधीशांनी वही मागून घेतली आणि स्वतः चाळली. मधल्या पानांवर किराण्याची यादी होती, एका पानावर त्याच्या मुलीने बाराचा पाढा लिहिलेला होता, शाई तीन-चार प्रकारची होती आणि एप्रिल-मेची पाने गच्च भरलेली, तर पावसाळ्याची जवळजवळ रिकामी होती. पाऊस पडला की विहिरीवरच्या मोटारी कमी जळतात, एवढे मराठवाड्यात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. वहीला निशाणी पडली, म्हणजे ती पुरावा म्हणून नोंदली गेली. तांब्याच्या तारेची खरेदी बिले आणि मोबाईलवरून जमा झालेल्या रकमांचे बँकेचे उतारे तिच्या जोडीला होतेच.

न्यायाधिकरणाने महिन्याचे उत्पन्न १४,००० रुपये धरले. वर्षाचे १,६८,००० झाले, त्यात ४० टक्के मिळवल्यावर २,३५,२००. अपघाताच्या वेळी वय अडतीस असल्यामुळे गुणक १५. कमाईचे नुकसान १३ टक्के धरले असते तर ही रक्कम ४,५८,६४० झाली असती. न्यायाधिकरणाने ते ४० टक्के धरले आणि ती १४,११,२०० झाली. हात तोच, प्रमाणपत्र तेच, मोटारसायकलही तीच. याशिवाय सात महिन्यांच्या बुडालेल्या कमाईचे ९८,०००, औषधोपचाराचा सिद्ध झालेला खर्च, वेदना व यातना, खुराक, मदतनीस आणि येण्याजाण्याचा खर्च हे स्वतंत्रपणे मिळाले, आणि अर्जाच्या तारखेपासून व्याज.

'सिद्ध झालेला' खर्च असे मी मुद्दाम लिहिले, कारण प्रत्यक्षात गेलेल्या पैशांपैकी बरेच पैसे आम्हाला सिद्ध करता आले नाहीत. काही रकमा कच्च्या चिठ्ठीवर दिल्या होत्या. मेडिकल दुकानांतील चकचकीत कागदाच्या पावत्या वर्षभरात उडून कोऱ्या झाल्या. मी त्या पिशवीतून काढल्या तेव्हा दुकानाच्या नावाचा शिक्कासुद्धा वाचता येत नव्हता. अशा पावतीची झेरॉक्स त्याच आठवड्यात काढून ठेवावी. पहिल्या दिवसांच्या खर्चाचा भार आता थोडा हलका होऊ शकतो, कारण ५ मे २०२५ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत नियुक्त रुग्णालयांत रोकडरहित उपचार मिळण्याची तरतूद झाली आहे.

विमा कंपनीने आणखी एक आडकाठी घातली होती. टेम्पोचालकाकडे हलक्या वाहनाचे लायसन्स होते आणि व्यावसायिक वाहनासाठीची वेगळी नोंद त्यावर नव्हती. दावा चालू असतानाच, ६ नोव्हेंबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की साडेसात हजार किलोपर्यंत एकूण वजनाचे वाहतूक वाहन चालवण्यासाठी हलक्या वाहनाचे लायसन्स पुरेसे आहे. तो मुद्दा तेथेच संपला. हेल्मेट नसल्याचाही मुद्दा मांडला गेला, पण मार कोपराला असल्यामुळे तो टिकला नाही.

हे सारे चालू असताना न्यायालयाच्या आवारात मला जी माणसे भेटली, त्यांत ऊसतोडीला जाणारे बरेच होते आणि त्यांची प्रकरणे आमच्याहून कितीतरी अवघड होती. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमधून संसारासह माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ट्रॅक्टरची पॉलिसी शेतीकामासाठी असते, आसन एकट्या चालकाचे असते आणि मालवाहू वाहनातून फुकट जाणाऱ्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे निकाल आहेत. कधीकधी न्यायालय कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि नंतर मालकाकडून वसूल करावी असा आदेश देते, परंतु तो गृहीत धरता येत नाही. काम करत असताना किंवा कामामुळे अपघात झाला असेल तर कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ हा दुसरा मार्ग होता; नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. मात्र दोन्ही कायदे लागू होत असतील तेव्हा एकाच कायद्याखाली भरपाई मागता येते. कोणता मार्ग धरायचा हे अर्ज करण्यापूर्वीच ठरवावे लागते, आणि मुकादमाच्या सल्ल्याने ते ठरवू नये असे मला स्पष्टपणे वाटते. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हे तेथील निम्म्या लोकांना माहीत नव्हते. मिळणाऱ्या रकमेवर टक्केवारी ठरवून फी घेणे वकिलांच्या व्यावसायिक नियमांत बसत नाही, हेही त्यांना कोणी सांगितले नव्हते.

धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये महसूल अधिकाऱ्यांमार्फत अर्ज करून मिळतात. स्वतःच्याच चुकीने गाडी घसरली तर समोर जाबदेणार कोणी नसतो. तेव्हा पॉलिसीसोबत मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घेतला आहे की नाही, एवढेच पाहावे लागते. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची राज्याची अनुदान योजना वेगळी आहे. तिच्यात अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात आणि तिचा अर्ज कृषी कार्यालयाकडे करायचा असतो.

आमचा निवाडा २०२५ च्या सुरुवातीला झाला. सर्व मिळून रक्कम अठरा लाखांच्या घरात गेली. विमा कंपनीने नव्वद दिवसांच्या मुदतीत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात अपील केले. जमा झालेल्या रकमेतील काही भाग भावाला मिळाला असून उरलेला मुदत ठेवीत आहे. त्याने तारा व बेअरिंग विकण्याचे दुकान टाकले आहे आणि मोटारी भरायला एक मुलगा ठेवला आहे. परवा तो माझ्याकडे वही परत कधी मिळेल हे विचारायला आला होता. मी म्हणालो की अपिलाचा निकाल लागेपर्यंत ती मिळणे कठीण आहे, पण झेरॉक्स तर आपल्याकडे आहे. त्यावर तो म्हणाला, "झेरॉक्समदी पेन्सिलीचं उठलंच नाही, दादा. कोणत्या मोटारीला किती टर्न, ते सगळं तिच्यातच हाय. पोरगं रोज इचारतंय."