अर्ध्या गुंठ्यातली फळझाडं आणि कोल्हापूरचा पाऊस

कोल्हापुरात परसातलं फळझाड मे महिन्यात सहसा मरत नाही. ते जुलै-ऑगस्टात मरतं, ओल्या मातीत उभं राहून. पानं पिवळी पडतात, शेंडे माना टाकतात, म्हणून कुणी खत घालतं, कुणी कीटकनाशक मारतं. झाड उपटून बघितलं की मुळाची साल दोन बोटांत सोलून निघते आणि कुजका वास येतो. मुळांना हवा मिळाली नाही, ती कुजली, म्हणून पानापर्यंत पाणी पोचलं नाही. भर पावसात झाड सुकलं, तर आधी मुळाशी बघायचं.

दोष बहुतेक वेळा खड्ड्याचा असतो. दोन फूट लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल हे माप सगळ्यांना पाठ असतं आणि मुरमाड तांबड्या जमिनीत ते बरोबरही आहे. पण पंचगंगेकाठच्या काळ्या मातीत तोच खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली बादली. भोवतीची माती चिकट आणि आत भरलेली भुसभुशीत, त्यामुळे आजूबाजूचं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर जायला वाट राहत नाही. म्हणून रोप आणण्याआधी फूटभर खोल खड्डा काढून पाण्यानं भरा, जिरू द्या, परत भरा. दुसऱ्या वेळी तासाला इंचभरसुद्धा पाणी उतरत नसेल, तर तिथे खड्ड्यात झाड लावूच नका.

अशा ठिकाणी झाड उंचवट्यावर लावायचं. जमीन कुदळीनं नुसती खरवडून मोकळी करायची आणि वर चार फूट रुंद, दीड फूट उंच ढीग घालायचा. दोन घमेली वरची माती, एक घमेलं बारीक मुरूम, एक घमेलं कुजलेलं शेणखत असं प्रमाण धरा आणि पूर्ण ढिगाला किलोभर निंबोळी पेंड मिसळा. पहिल्या पावसाळ्यात ढीग तीन-चार इंच बसतो, म्हणून कलमाचा जोड मातीच्या वर वीतभर तरी ठेवायचा. जोड मातीत गेला की कुजायला तिथूनच सुरुवात होते. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टीही आठवणीनं सोडा. ती राहिली तर वर्षभरात खोडाला करकचून बसते आणि वाऱ्यात झाड नेमकं तिथेच मोडतं.

शेणखत कुजलेलंच हवं, यात तडजोड नको. वळवाचा पहिला पाऊस पडला की हुमणी या मुळं खाणाऱ्या किडीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात, कडुनिंबावर, बाभळीवर पाला खातात आणि परत मातीत जाऊन अंडी घालतात. कच्चं शेण त्यांना फार सोयीचं. नव्या कलमाच्या कोवळ्या मुळ्या अळ्यांनी कुरतडल्या, तर झाड हातानं हलवलं तरी हलतं.

आच्छादनाला आपल्याकडे उसाच्या पाचटासारखं दुसरं काही नाही. दिवाळीनंतर चार इंच जाड थर पसरा, खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडून. पावसाळ्यात मात्र पाचट बाजूला ओढायचं आणि आळंही फोडून टाकायचं. भरल्या आळ्यात दोन महिने पाणी साठवणं म्हणजे परत तीच बादली.

अर्धा गुंठा म्हणजे साधारण ५४५ चौरस फूट, समजा ३३ बाय साडेसोळा. भिंतीपासून चार फूट आणि दोन झाडांत आठ फूट सोडलं तर दोन ओळींत आठ झाडं बसतात. उंच होणारी झाडं उत्तरेच्या ओळीत लावा, कारण हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं. आठ फुटांवर आंबा बसत नाही असं म्हणतात. न छाटता वाढवला तर खरंच बसत नाही. छाटणीची तयारी असेल, तर दशहरी आणि नीलमच्या संकरातली आम्रपाली घ्या, ती मुळातच ठेंगणी आहे आणि दरवर्षी धरते.

छाटणीचं गणित एका गोष्टीवर उभं आहे: फळ नव्या फुटीवर येतं की जुन्या. पेरूला नव्या फुटीवर येतं. कोवळी फांदी हातात धरून बघा, बुडाकडच्या दोन-तीन पानजोड्यांच्या बगलेत बारीक हिरवी कळी दिसते. म्हणजे जितकी नवी फूट, तितकं फळ. लावल्यावर शेंडा दोन फुटांवर कापायचा, वेगवेगळ्या दिशांच्या चार फांद्या ठेवायच्या, बाकी काढायच्या. त्या हातभर झाल्या की पुन्हा निम्म्या करायच्या. पुढे दरवर्षी मे महिन्यात मागच्या वर्षीची फूट अर्ध्यावर आणायची. मृगाच्या पावसावर नवी पालवी आणि कळी येते आणि फळ थंडीत तयार होतं. झाड सहा-सात फुटांवर राहतं, शिडी लागत नाही. सरदार म्हणजे लखनौ-४९ ही जात यासाठी चांगली. नाव लखनौचं असलं तरी तिची निवड पुण्याच्या गणेशखिंडीतली.

आंब्याचं उलट आहे. मोहोर पक्व झालेल्या काडीच्या शेंड्यावर येतो. फळं उतरली की लगेच, जूनमध्येच, छाटणी उरका म्हणजे नव्या काडीला पिकायला पाच-सहा महिने मिळतात. गणपती झाल्यावर कात्री चालवली, तर त्या फांद्यांवर मोहोराऐवजी नुसती पालवी दिसेल. पावसात कापलेल्या जागेवर बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावायची: १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी. दोन्ही निम्म्या-निम्म्या पाण्यात वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवा, चुना गार होऊ द्या, मग मोरचुदाचं पाणी चुन्यात ओता. धुवून लखलखीत केलेली लोखंडी सुरी त्यात मिनिटभर धरा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, अजून घाला, नाहीतर साल भाजते. त्याच दिवशी वापरून संपवा.

हीच पेस्ट लिंबाच्या खोडाला जमिनीपासून दोन फुटांपर्यंत पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर लावली, तर डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, बराचसा आटोक्यात राहतो. लिंबात साई सरबती ही जात घ्या, खैऱ्या (पानाफळांवर खडबडीत डाग पाडणारा रोग) तिच्यावर कमी येतो. कोवळ्या पानावर चिमणीच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर ते फुलपाखराची अळी असते. चार झाडांसाठी औषध कशाला, हातानं वेचा.

सीताफळाला फुलं लागतात आणि गळतात, ही तक्रार सगळ्यांची. त्या फुलात मादीभाग आधी तयार होतो आणि पराग नंतर सुटतो, दोघांची वेळ जुळत नाही. संध्याकाळी पूर्ण उमललेल्या फुलांचे पराग मऊ कुंचल्यानं वाटीत झाडून ठेवा आणि सकाळी लवकर, अर्धवट उघडलेल्या फुलात आत फिरवा. वीस फुलांना दहा मिनिटं लागतात.

पपई उंचवट्याशिवाय लावू नका, बुडात दोन दिवस पाणी साचलं तरी ती आडवी होते. चिकूत खिरणीच्या रोपावर बांधलेलं कालीपत्ती जातीचं कलम घ्या आणि जोडाखालून येणारी फूट खुडत राहा. डाळिंबाच्या मोहात पडू नका. आपल्या पावसात तेल्या (फळावर तेलकट डाग पाडणारा रोग) आवरायला इतकं औषध मारावं लागतं की घरचं फळ म्हणून ते खाण्यात अर्थ राहत नाही.

पेरू लिंबाएवढा झाला की कागदी पिशवी बांधा, फळमाशी त्यानंतरच टोचते. मिथाइल युजेनॉल या वासाच्या आमिषाच्या सापळ्यात फक्त नर सापडतात, फळ टोचणारी मादी राहतेच. खाली पडलेलं फळ तसंच राहिलं, तर त्यातली अळी मातीत कोष करते आणि नवी माशी तिथूनच उठते. ती फळं रोज गोळा करून दोन फूट खोल पुरा, किंवा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवा आणि मगच कंपोस्टमध्ये टाका.