तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा वेळ बसून दुखत नाही का?

मागच्या डिसेंबरात पुणे–बंगळूर–पुणे २४ तासांच्या आत बाईकवर करून आले, तेव्हापासून मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न रस्त्याबद्दलचा नाहीये, गाडीबद्दलचा नाहीये, भीती नाही का वाटली हाही नाहीये (तो दुसऱ्या नंबरवर आहे). ऑफिसातले लोक जरा आडून विचारतात, "मॅडम, इतका वेळ बसायचा त्रास नाही का होत?" मावशीने मात्र मुंजीच्या पंगतीत, हातात मठ्ठ्याचा पेला, आजूबाजूला चार बायका, असं सरळ विचारलं, "अगं बूड दुखत नाही का तुझं?"

दुखतं की. न दुखायला काय झालं. पण सगळ्यांना वाटतं तसं नाही दुखत, आणि अर्ध्या रस्त्यातून घरी पाठवतं ते बूड नसतंच बऱ्याचदा, हे मला दोन फसलेल्या फेऱ्यांनंतर कळलंय.

आधी हे प्रकरण काय ते सांगते. अमेरिकेत आयर्न बट असोसिएशन म्हणून लांब पल्ला मारणाऱ्या रायडर्सची संघटना आहे, मावशीच्या भाषेत लोखंडी बूड मंडळ. त्यांची सगळ्यात खालची पायरी म्हणजे सॅडलसोर, २४ तासांत १००० मैल, आपले १६०९ किलोमीटर. त्यांच्याच रॅलीत लोक ११ दिवसांत ११,००० मैलांच्या आसपास जातात, ती माणसं वेगळ्याच मातीची, त्यांचं सोडा. पुरावा म्हणून निघतानाची, वाटेतली आणि पोचल्यावरची पेट्रोलची बिलं लागतात, त्यावर वेळ आणि ठिकाण हवं. आपल्याकडे टू-व्हीलरला टोल नाही, डावीकडच्या चिंचोळ्या लेनमधून सुटायचं, म्हणजे टोलची पावती हा पुरावा गेलाच, बिलाशिवाय गती नाही. आणि त्या बिलांची शाई उडते, म्हणून जागेवर फोटो काढायचा. गाडीचं मीटर जरा जास्तच दाखवतं, त्यामुळे त्यावर विसंबायचं नाही, नकाशावर अंतर भरलं पाहिजे. वाकडहून निघून नेलमंगल ओलांडून बंगळूरच्या तोंडाशी गेलं आणि परत आलं की साधारण १६८० होतात, तेवढी ढील ठेवलेली बरी.

लोकांना वाटतं तुफान पळवावी लागत असेल. हिशोब करा ना, १६०९ भागिले २४ म्हणजे ताशी ६७. ८० ने चालवलीत तर २० तास गाडीवर आणि ४ तास खाली. वेळ वेगात मिळत नाही, वेळ टपरीवर जातो. आठ थांबे आणि प्रत्येक थांब्यावर "चल अजून एक कटिंग" म्हणून १५ मिनिटं जास्त, झाले दोन तास. म्हणजे खाली कमी उतरायचं, म्हणजे वर जास्त बसायचं, म्हणजे आलो परत मावशीच्या प्रश्नावर.

माझी उंची ५ फूट २. गाडीची सीट जमिनीपासून ८०० मिलिमीटर. सिग्नलला नुसते चवडे टेकायचे, म्हणून गाडी घेतल्या घेतल्या मी जे केलं ते बुटक्या माणसांपैकी निम्मी तरी करत असतील, सीटवाल्याकडे जाऊन फोम इंचभर घासून घेतला. पाय टेकले, मी खूश. फेब्रुवारीत पहिला प्रयत्न केला, कराडपर्यंत गाणी म्हणत, बेळगावला गप्प, आणि हुबळीत पंपावर उतरले ती परत बसवेना. फोम घासल्यावर खाली उरतं काय, तर फायबरचं तसराळं. त्यावर ४०० किलोमीटर बसले होते मी. रात्री लॉजवर झोपले आणि दुसऱ्या दिवशी दर ४० किलोमीटरला थांबत, घरी आले.

मग दुसरा सीटवाला गाठला आणि त्याला म्हटलं एकदम मऊ कर. त्याने केली बिचाऱ्याने, वर जेल घालून. दुकानात बसून पाहिलं तर अगदी सोफा. हीच चूक सगळे करतात आणि मीही केली. बसल्यावर आपलं वजन मुख्यतः दोन हाडांवर येतं, खुर्चीत बसून कुल्ल्याखाली हात घातलात तर लागतील हाताला. मऊ फोम पहिला अर्धा तास छान वाटतो, मग ती हाडं हळूहळू आत रुततात, फोम दबून दबून संपतो आणि हाड परत तसराळ्यावर. वर आजूबाजूचं मांसही दाबलं जातं ते वेगळंच, तिथलं रक्त अडलं की आधी मुंग्या, मग आग. म्हणजे घट्ट फोम हवा आणि हाडांखाली पुरेशी रुंदी हवी. बायकांच्या त्या दोन हाडांमधलं अंतर सहसा पुरुषांपेक्षा जास्त असतं आणि गाडीची सीट पुढे निमुळती, त्यात पुढे उतार, त्यामुळे ब्रेक मारला की तुम्ही घसरून टाकीवर. मी पुढेच बसायचे, पाय पुरावेत म्हणून, म्हणजे सगळ्यात अरुंद जागेवर.

तिसरी सीट आता आहे ती. रीबॉन्डेड फोम, म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेला तो कडक प्रकार, मागे रुंद, उतार काढून टाकलाय, फक्त मांड्यांच्या जागी कडा तासल्यात म्हणजे पाय सरळ खाली जातात. उंची परत वाढली. मग पाय टेकायचं काय? काही नाही, एकच पाय टेकायचा, सरकून. हे शिकायला मला पार्किंगमध्ये दोन रविवार लागले आणि त्यासाठी मी दोन फेऱ्या आणि तीन सीटांचे पैसे घालवले होते.

सीटवर काय टाकायचं यावर प्रत्येकाचा आपापला पंथ आहे. एअर कुशन आहेत, टॅक्सीवाले वापरतात ती लाकडी मण्यांची कव्हरं आहेत (हसू नका, परदेशातले मुरलेले रायडर्सही वापरतात), मेंढीचं कातडं आहे. मणी मला रुतले. मेंढीच्या कातड्यावरून आठवलं की सासरी, म्हसवडला, ट्रंकेत घोंगडी पडून आहे, अस्सल, काळी, अंगाला टोचणारी. चार घड्या घालून बंजी जाळीने सीटला आवळली. लोकरीतून हवा जाते, घाम साचत नाही आणि पँट तिच्यावर जराशी सरकते, रेक्झिनला चिकटून बसत नाही. आणि टोचतबिचत नाही, मध्ये जाड पँट असते.

कपड्यांचं कोणी सांगत नाही, म्हणून सांगते. जीन्स नको. तिची ती जाड शिवण बरोबर मधोमध येते, १० किलोमीटरला काही नाही, ५०० ला ती करवत होते. आतले कपडे सुती नकोत, हे ऐकून आई दचकली, पण सुती कापड घाम पितं आणि ओलंच राहतं आणि ओली कातडी सोलवटते. बिनशिवणीचे, खेळाडू घालतात तसल्या कापडाचे घ्या. आणि बाळांच्या डायपर रॅशसाठी मिळतं ते क्रीम निघायच्या आधीच लावायचं, लाल झाल्यावर नाही. मेडिकलवाल्याने "बाळ किती महिन्यांचं" विचारलं, मी म्हटलं ४६ वर्षांचं.

पण बाकी सगळं केलंत आणि पुतळ्यासारखे बसलात तर काही उपयोग नाही. दर १५-२० मिनिटांनी रस्ता सरळ आणि मोकळा असला की फुटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, दहा सेकंद उभं राहायचं, मग बसताना जरा मागे बसायचं, पुढच्या वेळी जरा डावीकडे. आग व्हायला लागायच्या आधी, झाल्यावर नाही. हावेरीजवळ एक ट्रकवाला मला ओव्हरटेक करून गेला तो आरशात बघत बघत, त्याला वाटलं असणार बाईला गाडीवर व्यायाम सुचलाय.

दुसरी फेरी फसली ती एप्रिलमध्ये, आणि त्यात बुडाचा हात नव्हता (सोफा बोचत होता, पण निभलं असतं). मी पाणीच पीत नव्हते. बायकांना कारण सांगायला नको. पंपावर संडास असतो, त्याला कुलूप असतं, किल्ली मॅनेजरकडे आणि मॅनेजर जेवायला गेलेला. म्हणून आपण लहानपणापासून प्रवासात शिकतो तेच, घोटभर पाणी आणि बस. दुपारी एकच्या सुमारास दावणगेरेला डोकं फुटायला आलं होतं, मळमळत होतं, आणि बोर्ड दोन-दोनदा वाचावे लागत होते. तिथेच सोडलं. उन्हाळ्यात हवा अंगापेक्षा गरम झाली की वारा गार करत नाही, भाजतो, ओव्हनचं दार उघडल्यासारखा, त्यामुळे जॅकेट काढून मोकळं बसणं उलट वाईट. जॅकेटच्या आत टी-शर्ट भिजवून घालायचा, तो तासभर पुरतो. डिसेंबरात मी पाठीवर नळीची पाण्याची पिशवी नेली, हेल्मेटमध्ये नळी, दर थोड्या वेळाने एक घोट, एक आड एक ओआरएस. आणि संडास? आधीच्या दोन फेऱ्यांत कुठल्या पंपावर कुलूप नसतं त्याची वहीत यादी केली होती. टाकी १३ लिटरची, दर अडीचशे किलोमीटरला पेट्रोल भरावंच लागतं, मग पेट्रोल, बिल, संडास, पाणी, सगळं त्याच थांब्यात. खाणं दशमी, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू. साताऱ्याला मिसळ खाल्लीत तर कोल्हापूरला डुलक्या काढाल.

कानात फोमचे बोळे घाला. हायवेच्या स्पीडला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर असतो आणि दिवसभर तो ऐकला की माणूस दमतो, कशाने दमला ते मात्र त्याला कळत नाही. बोळे घालून हॉर्न ऐकू येतात, उलट जास्त स्वच्छ येतात, मला आधी पटलं नव्हतं.

तर डिसेंबर. पहाटे ३:१० चं वाकडचं बिल, बंगळूरच्या तोंडाशी दुपारी अडीच, २५ मिनिटांत परत फिरले. चित्रदुर्गला दिवस मावळत होता, डोंगरांवरच्या पवनचक्क्यांचे लाल दिवे एकेक लागत होते, आणि माझं लक्ष गेलं की मागच्या दोन तासांत मला बूड आठवलंच नाहीये. केवढी खूश झाले मी.

खरी भीती पुढे होती. बेळगाव सोडलं, हवा गार, रस्ता बरा, काही दुखत नाही, आणि तवंदीचा घाट सुरू झाला तेव्हा एकदम लक्षात आलं की संकेश्वर कधी गेलं ते मला माहीत नाही. डोळे उघडे होते, गाडी लेनमध्ये होती, पण तेवढा तुकडा डोक्यात नाहीच. दुखण्याने जाग राहते हो, सगळं आरामात असलं की झोप येते, हा त्या सगळ्या सीट-घोंगडी-क्रीमच्या खटाटोपाचा दुसरा भाग मला कोणी सांगितला नव्हता. निपाणीला ढाब्यावर थांबले, मालकाला सांगितलं दादा २५ मिनिटं खाटेवर पडते, फोनला गजर लावला आणि हेल्मेट उशाशी घेऊन मेल्यासारखी झोपले. त्याने गजराच्या आधीच उठवलं, "ताई, चहा घ्या न् मग जावा". चहाची दोन दिवस आधीपासून सवय मोडली होती ती या एका कपासाठीच, लागू पडला. नवरा घरी लोकेशन बघत होता, ठिपका हलेना म्हणून त्याचे सात मिस्ड कॉल. थांबायच्या आधी मेसेज टाकायचा, ही माझी चूक.

पुढे कागलपासून रुंदीकरणाची डायव्हर्जनं, धूळ, ट्रक, तिथे झोपायची सोयच नव्हती. वाकडचं शेवटचं बिल २:३२. म्हणजे २३ तास २२ मिनिटं.

दुखलं काय शेवटी, तर उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. चार दिवस बधिर, ब्लाऊजची हुकं लावायला लेकीला हाक मारायचे. धास्तीने मूठ आवळून धरत होते मी हँडल, वजन मनगटावर. गुडघ्यांनी टाकी धरायची आणि कोपरं ढिली ठेवायची हे माहीत असूनही रात्री विसरायला होतं. आता क्लच-ब्रेकचे लिव्हर पान्याने थोडे खाली वळवून घेतलेत, बोटं सरळ हाताच्या रेषेत येतील असे, दहा मिनिटांचं फुकटचं काम, तीन सीटांच्या आधी हे करायला हवं होतं.

जमिनीवर मांडी घालून मात्र मी त्याच दुपारी जेवले, मावशीला कळवा. सासूबाईंनी घोंगडी परत मागितलीये, दोनदा उन्हात घातली पण पेट्रोलचा वास जात नाहीये.